भिंतीवर दिलेला शब्द

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी पाली येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आपल्या युवक मंडळाने या महोत्सवानिमित्त बारा मिनिटांचा एक लघुचित्रपट तयार केला आहे, हे आपण सर्व जाणताच. तो उत्सवाच्या सायंकाळी दाखविला जावयाचा आहे. म्हणून त्याचे नाव व त्याचा शेवट आम्ही येथे फोडीत नाही. इतकेच सांगतो की, दिवाळी आटोपली की सुधागड तालुक्यातील जी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडी परततात, त्यांपैकी एका मुलीची व तिच्या शाळेची ती हकीकत आहे. चित्रपट पुरा झाला, आणि आता त्याच्या भित्तिपत्रकावरून मंडळात दोन तट पडले आहेत. आम्ही आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकविली, तरुणपणी पोटासाठी फलकही रंगविले. म्हणून दोन शब्द सांगावेत अशी फादरांनी आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहोत.

समोर तीन कच्ची चित्रे टांगली आहेत. त्यांपैकी दुसऱ्याच्या चाळीस प्रती छापूनही आल्या आहेत. त्या उद्या भिंतींवर चढवावयाच्या की नाही, हा आजचा खरा प्रश्न आहे. परंतु निर्णयाकडे वळण्यापूर्वी भित्तिपत्रक म्हणजे काय, ते कोठून आले आणि ते कसे वाचावे, याचा थोडा विचार करू.

भित्तिपत्रकाची कला आपणांस परकी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या देवळात जाऊन पाहा. हातात किल्ल्या दिसल्या की तो संत पेत्र, हे लहान मूलही सांगते. कडेवर बाळ येशू आणि हाती कमळासारखे शुभ्र फूल दिसले की संत अंतोनी. अंगात बाण रुतलेले दिसले की संत सेबस्तियन. त्या काळी भाविकांपैकी पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. म्हणून चित्रकारांनी प्रत्येक संताच्या साऱ्या चरित्रातून एकच वस्तू निवडली आणि ती त्याच्या हाती दिली. पेत्राचे मासे पकडणे, त्याचे नाकारणे, त्याचे रडणे, त्याचे मरण, यांपैकी काहीही न दाखविता एका किल्लीने सारे सुचविले. चांगले भित्तिपत्रक याहून निराळे काही करीत नाही. पुष्कळातून एक निवडणे आणि त्या एकाने पुष्कळाची आठवण देणे, हेच त्याचे काम होय.

आता चित्रपटांच्या भित्तिपत्रकांकडे वळू. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जाहिरात होती, पण ती अक्षरांची. शतकातील चमत्कार म्हणून वाखाणणी आणि एक रुपया दर. चित्र काही नव्हते. परंतु तिकडे फ्रान्समध्ये त्याच सुमारास एक गोष्ट घडली होती, आणि ती आपल्या विषयास अत्यंत उपयोगी आहे. कारण ती एका लघुचित्रपटाचीच गोष्ट आहे.

ल्यूमिएर यांची 1895 सालची एक फीत आहे. लांबी एका मिनिटाहून कमी. एक माळी रबरी नळीने बागेस पाणी घालीत असतो. एक खट्याळ पोर मागून येऊन नळीवर पाय ठेवते. पाणी थांबते. माळी नळीचे तोंड डोळ्यांजवळ नेऊन पाहतो, पोर पाय उचलते, आणि सारे पाणी माळ्याच्या तोंडावर उडते. पुढे पाठलाग आणि चोप. या फितीकरिता मार्सेलाँ ओझोल नावाच्या चित्रकाराने जे भित्तिपत्रक काढले, ते एका विशिष्ट चित्रपटाचा प्रसंग दाखविणारे जगातील पहिले भित्तिपत्रक म्हणून ओळखले जाते.

त्या चित्रात काय आहे? एका बाजूस पडदा आहे. त्यावर तोंडावर पाणी उडालेला माळी आहे. आणि पडद्यासमोर बसलेले प्रेक्षक खदखदा हसत आहेत. वर यंत्राचे व ल्यूमिएर यांचे नाव ठळक अक्षरांत. एवढेच. परंतु या एवढ्यात किती विचार आहे पाहा. पहिली गोष्ट, चित्रकाराने पोराने पाय ठेवला तो क्षण घेतला नाही, पाठलागाचाही घेतला नाही; पाणी उडाले तो क्षण घेतला. कारण त्या एका क्षणातून मागचे व पुढचे दोन्ही ओळखता येते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ज्या लोकांनी हलते चित्र कधीच पाहिले नव्हते, त्यांस पडदा म्हणजे काय हे कसे कळावे? म्हणून त्याने प्रेक्षकच चित्रात बसविले. आत गेल्यावर आपण कोठे बसणार आणि आपल्याला काय होणार, हे रस्त्यावरच्या माणसास बाहेरच दिसले. आणि तिसरी गोष्ट अशी की, भित्तिपत्रकाने जे हसू कबूल केले, ते आत खरोखर होते. शब्द दिला तो पाळला गेला.

आपल्या देशातील चित्रपटाच्या आरंभाशी तर प्रभू येशूच्या चरित्राचाही संबंध आहे, हे आपणांपैकी काहींस ठाऊक असेल. दादासाहेब फाळके यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईस ख्रिस्तचरित्राची फीत पाहिली. पडद्यावर ख्रिस्ताची लीला चालली असता आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण व श्रीराम उभे राहत होते, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. त्या दर्शनातून 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला.

फाळके हे केवळ चित्रपटकार नव्हते. छपाई त्यांच्या हातात मुरलेली होती. राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्यासाठी त्यांनी काम केले होते. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, दगड पाण्याने ओला करावयाचा आणि वर तेलकट शाई फिरवावयाची. पाणी व तेल यांचे सख्य नसल्यामुळे शाई केवळ चित्रावरच धरते. प्रत्येक रंगास निराळा दगड. रंग वाढला की दगड वाढला, खर्च वाढला. म्हणून जुन्या भित्तिपत्रकांत रंग मोजके व ठसठशीत असत. आमच्या युवकांनी हे ध्यानात धरावे. आज संगणक लक्षावधी रंग फुकट देतो, आणि फुकट मिळालेले जपून वापरण्याची बुद्धी मात्र देत नाही.

याच फाळक्यांची सुरतेतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथे पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले असे सांगतात. लोकांस एवढ्याच पैशांत पुष्कळ तास चालणारी नाटके पाहण्याची सवय. तेव्हा त्यांनी जाहिरात केली की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघा तीन आणे. लोक लोटले.

मंडळी, आम्ही शिक्षक. हिशेब तपासण्याची खोड जात नाही. चित्रपटाच्या फितीत एका फुटास सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांस सोळाने भागा. साडेतीन हजार फुटांहून किंचित अधिक येतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे 3,700 फूट सांगितली जाते. म्हणजे छायाचित्रांचा आकडा खरा होता. परंतु दोन मैल म्हणजे 10,560 फूट! फीत एक मैलही भरत नाही. जोडीस दाखविलेल्या इतर फिती मोजल्या असतील तर गोष्ट निराळी. त्या महापुरुषाचे ऋण आमच्या मस्तकी आहे. त्याने सर्वस्व पणास लावून जे उभे केले त्याच्या तुलनेत ही मैलाची चूक काहीच नव्हे. तथापि त्या एका ओळीत जाहिरातीच्या कलेतील दोन्ही वाटा आहेत, हे पाहण्याजोगे आहे. प्रत्येक चित्र हे छायाचित्रच असते, हे खरे सांगून लोकांस चकित करणे ही एक वाट. आणि आकडा ताणणे ही दुसरी. पहिलीस कल्पकता लागते. दुसरीस काहीच लागत नाही.

तिसरे नाव कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे. जन्म 1890, मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले, चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 मध्ये निवर्तले, आणि बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 1920 सालच्या 'सैरंध्री'वरून लोकमान्य टिळकांनी त्यांस सिनेमा केसरी ही पदवी दिली. ते आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. त्यांच्या 1924 सालच्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे हिंदुस्थानातील उपलब्ध सचित्र चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुने मानले जाते. प्रभात कंपनीचे दामले, फत्तेलाल व शांताराम हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पुण्यास प्रभातची जी जागा होती, तेथे 1960 पासून चित्रपट शिकविणारी सरकारी संस्था आहे.

'कल्याण खजिना'ची कथा आपणांस ठाऊक आहे. कल्याणचा खजिना हाती आला, त्याबरोबर सुभेदाराची सून बंदी होऊन आली, आणि शिवाजी महाराजांनी तिला मातेसमान मानून सन्मानाने परत पाठविले. अशा कथेचे भित्तिपत्रक काढावयास बसणाऱ्या कोणत्याही चित्रकारापुढे दोन मार्ग उघडे असतात. असहाय स्त्री पुढे करून लोकांचे डोळे ओढता येतात. किंवा तिचा राखलेला मान पुढे करता येतो. पहिल्या मार्गाने कदाचित दोन तिकिटे अधिक खपतील. परंतु मग जे कृत्य कथेतील राजाने केले नाही, ते भित्तिपत्रकाने केले असे होईल. हा विचार मनात ठेवा. तो पुढे आपल्याच चित्रास लागू पडणार आहे.

आता समोरच्या चित्रांकडे पाहू.

पहिल्या चित्रात आमच्या युवकांनी आपल्या प्रेमाची सारी माणसे व सारी स्थळे गोळा केली आहेत. मागे सरसगड आहे, पायथ्याशी अंबा नदी आहे, आपले देऊळ आहे, भट्टीचा धूर आहे, मावळता सूर्य आहे, सात चेहरे आहेत, महोत्सवाचे चिन्ह आहे, आणि खाली एकवीस देणगीदारांची नावे आहेत. यातील एकही गोष्ट वाईट नाही. परंतु रस्त्याने जाणारा मनुष्य भित्तिपत्रकास किती वेळ देतो? तीन श्वास. बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या गाड्यांची येथे रीघ लागते; चहूकडे वाढदिवसांचे, निवडणुकांचे, दुकानांचे फलक हात वर करून ओरडत असतात. त्या गर्दीत आणखी एक गर्दी कोण पाहणार? जेथे सगळे ओरडतात तेथे हळू बोलणाऱ्याकडेच मान वळते.

मोठ्या चित्रपटांची गोष्ट वेगळी. तेथे नटाचा चेहरा लोकांस आधीच ठाऊक असतो. सात चेहरे दाखविले तरी सातही ओळखीचे. लघुचित्रपटास तो आधार नाही. त्यात नामांकित कोणी नाही, त्याची गाणी कोणाच्या ओठी नाहीत. अनोळखी सात चेहऱ्यांपेक्षा अर्थ असलेली एक वस्तू शतपटीने बोलते.

अक्षरांविषयी एक जुना फलक-रंगाऱ्यांचा ठोकताळा सांगतो. एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सुखाने वाचता येते. आपली भिंत रस्त्यापलीकडे चाळीस फुटांवर असेल तर नावाचे अक्षर चार इंच हवे. आपल्या देशात चित्रपटाचे भित्तिपत्रक बहुधा तीस इंच रुंद व चाळीस इंच उंच असते. त्यात चार इंची नाव सहज बसते. मात्र देवनागरीस वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार असतात, त्यांसाठी वर-खाली मोकळी जागा सोडली पाहिजे. नाहीतर दोन ओळींची काने-मात्रांनी मारामारी होते. शिरोरेषा जाड व उभ्या रेषा बारीक असे नखरेल वळण दुरून केवळ आडव्या पट्टीसारखे दिसते. पहिल्या चित्रात नाव दीड इंच आहे आणि देणगीदारांची नावे जवळजवळ एक इंच! देणाऱ्यांविषयी आम्हांस कृतज्ञता आहे. त्यांची नावे या स्मरणिकेत मानाने छापली जातील. परंतु भिंतीवर त्यांनी चित्रपटास आपल्या खांद्यावर उभे करावे, त्याच्या खांद्यावर स्वतः बसू नये. ज्यांनी उजव्या हाताचे दान डाव्यास कळू न देण्याचा उपदेश लहानपणापासून ऐकला आहे, त्यांस आम्ही अधिक काय सांगावे?

छपाईविषयीही एक सूचना. भ्रमणध्वनीच्या काचेवर रंग प्रकाशाने उमटतात. कागदावर ते शाईने उमटतात. काचेवरचा झगझगीत निळा कागदावर मंद होतो, म्हणून छापण्यापूर्वी एक नमुना कागदावर पाहून घ्यावाच. हातात धरून पाहण्याच्या चित्रास इंचास तीनशे ठिपके लागतात. दुरून पाहावयाच्या भित्तिपत्रकास दीडशे पुरतात. म्हणजे तीस गुणिले चाळीस इंचांस 4,500 गुणिले 6,000 ठिपके. कोणाकडून आलेले लहानसे छायाचित्र ताणून मोठे केले तर त्याचे ढेकूळ होते. आणि आता भित्तिपत्रक भिंतीवर कमी व खिशातल्या काचेवर अधिक पाहिले जाते; म्हणून ते अंगठ्याच्या नखाएवढे करूनही पाहावे. तेवढ्यातही नाव व मुख्य आकार ओळखू आला तर ते उत्तीर्ण.

आता दुसरे चित्र. कलेच्या दृष्टीने हे पहिल्याहून फार सरस आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. एका वृद्ध कातकरी स्त्रीचा चेहरा सारा कागद व्यापून आहे. सुरकुती न सुरकुती दिसते. गालावर अश्रू आहे. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे आहेत. जो पाहील तो थबकेल. ज्या युवकाने हे छायाचित्र घेतले त्याच्या हातात गुण आहे. मग आमची हरकत कोणती?

लहान हरकत ही की काळ्यावर लाल रंग सायंकाळी दिसेनासा होतो. नाव बुडून जाते. ती आज दुरुस्त होईल. दुसरी हरकत याहून मोठी. हा अश्रू चित्रपटात नाही. आम्ही चित्रपट दोनदा पाहिला. त्यात ती आजी हसते, रागावते, नातीला वेणी घालते, भट्टीच्या मुकादमाशी हुज्जत घालते. ती रडत नाही. हा अश्रू चूल फुंकताना धुराने आला होता, असे त्या युवकानेच आम्हांस प्रांजळपणे सांगितले. म्हणजे धुराचे पाणी आपण दुःख म्हणून भिंतीवर लावीत आहोत.

येथे आम्ही स्वतःचा एक अपराध सांगतो, म्हणजे हे बोलणे परोपदेश ठरणार नाही. तरुणपणी किनाऱ्यावरील एका गावी तंबूचा सिनेमा आला होता. फलक रंगविण्याचे काम आम्हांस मिळाले. मालक म्हणाला, नायक वाघाशी झुंजतो असे काढा. आम्ही विचारले, चित्रपटात वाघ आहे काय? तो म्हणाला, फलकावर असला म्हणजे झाले. आम्ही वाघ काढला, आणि फार उत्तम काढला. दुसऱ्या रात्री तंबूच्या दाराशी एक कोळ्याचे पोर पुन्हा तिकीट काढताना दिसले. सहज विचारले, काल पाहिलास ना? ते म्हणाले, काल मध्येच डोळा लागला, वाघ आला तेव्हा मी झोपलो होतो बहुतेक. आज जागा राहणार. त्याने जाळी ओढून मिळविलेले पैसे दोनदा दिले, आणि खोटेपणाचा दोष आम्हांस न देता आपल्या झोपेस दिला. आम्ही काही बोललो नाही. मजुरी खिशात होती. पुढे कितीतरी फलक रंगविले, परंतु ते पोर आम्हांस अद्याप विसरता आलेले नाही. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा केवळ जिभेपुरती नाही, ती कुंचल्यासही लागू आहे, हे त्या रात्री आम्हांस कळले.

तिसरी हरकत सर्वांत मोठी आहे. ही आजी चित्रपटात येण्यास राजी होती. तिने युवकांस घरात घेतले, बसावयास गोणपाट दिले. परंतु भिंतीवर लागण्याविषयी तिला कोणी विचारले नव्हते. छापील प्रत तिला दाखविली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले की, माझे तोंड बाजारातल्या भिंतींवर कशासाठी? पावसाने ते ओघळेल, त्यावर कोणी थुंकेल, आणि नात भट्टीवरून परत येईल तेव्हा तिला मी काय सांगू? युवकांनी हे आम्हांस सांगितले, आणि त्यांचे स्वतःचेही चेहरे उतरले होते. कोणी म्हणेल, हेतू तर चांगला आहे. तिच्याच लोकांचे दुःख आपण मांडीत आहोत. खरे आहे. परंतु ज्याच्या बाजूने आपण उभे राहतो, त्याचा चेहरा त्याला न विचारता आपल्या कामासाठी घेणे, हे त्याच्या बाजूने उभे राहणे नव्हे. श्रीमंताचे छायाचित्र भिंतीवर लावण्यापूर्वी आपण दहा वेळा परवानगी मागितली असती. गरिबाचे लावताना एकदाही सुचले नाही. हा दोष केवळ युवकांचा नाही. आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे, कारण आम्ही हे त्यांस शिकविले नाही.

आता तिसरे चित्र. हे अद्याप पुरे रंगले नाही. भट्टीवर रचलेल्या कच्च्या विटा, आणि त्यांवर ठेवलेली शाळेची पाटी. पाटीवर मुलीच्या हाताने अर्धेच लिहिलेले एक अक्षर. वर चार इंचांत चित्रपटाचे नाव, खडूसारख्या पांढऱ्या रंगात. खाली एका ओळीत दिवस, वेळ व जागा. रंग तीनच: विटेचा, पाटीचा व खडूचा. चेहरा कोणाचाही नाही. पेत्राची किल्ली तशी ही पाटी. पाटी विटांवर का? अक्षर अर्धे का? हा प्रश्न घेऊन मनुष्य आत येईल, आणि त्याचे उत्तर आत खरोखर आहे.

हेही चित्र युवकांनी आजीस नेऊन दाखविले. तिला अक्षर येत नाही. तिने विटांवर बोट फिरविले आणि हसून मान हलविली. विटा अशा चिकटवून रचीत नाहीत, मध्ये विस्तवाला वाट ठेवावी लागते, नाहीतर आतल्या कच्च्याच राहतात, असे तिने सांगितले. आणि चुलीजवळच्या दगडांनी ते रचूनही दाखविले. आमची चाळीस वर्षांची चित्रकला तेथे तिच्यापुढे विद्यार्थिनी झाली. युवकांनी विटा पुन्हा काढल्या. समोर आहेत त्या तिने सांगितलेल्या विटा होत. ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांस विचारले तर चित्राची केवळ नीती सुधारत नाही, चित्रही सुधारते, याचा याहून चांगला पुरावा आम्ही देऊ शकत नाही.

आता खर्चाचा प्रश्न. चाळीस प्रतींचे पैसे गेले आहेत, आणि आपल्या मंडळाची तिजोरी काही खोल नाही. काही मान्यवरांचे म्हणणे असे की, छापले आहे ते लावून टाकावे, पुढच्या वेळी काळजी घ्यावी. त्यांच्या काटकसरीचा आम्हांस आदर आहे; या धर्मग्रामाच्या कौलाकौलात तीच काटकसर आहे. परंतु पंचवीस वर्षे झाल्याचा उत्सव आपण कशासाठी करतो? भिंती उभ्या राहिल्या म्हणून, की त्या भिंतींत काही शिकलो म्हणून? तिसरे चित्र लहान आकारात छापले, अर्ध्या प्रती काढल्या, बाकीचे खिशातल्या काचेवरून पाठविले तर भार फार पडणार नाही. प्लास्टिकच्या कापडापेक्षा कागदच बरा. उत्सव आटोपला की युवकांनी स्वतः जाऊन तो भिंतींवरून काढावा. आणि त्या चाळीस प्रती आजीच्या स्वाधीन कराव्या. तिचा चेहरा आहे; त्याचे काय करावयाचे ते तिने ठरवावे. कदाचित एखादी ती आपल्या घरात लावीलही. ती गोष्ट निराळी, कारण ते घर तिचे आहे.

प्रिय युवकांनो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जो कधी चुकीचे चित्र काढीत नाही तो चित्रच काढीत नाही. तुम्ही छापून झालेली प्रत घेऊन तिच्या दाराशी गेलात, तिचे म्हणणे ऐकले, आणि आम्हांपासून लपविले नाही. आमच्या तारुण्यात आमच्याच्याने एवढे झाले नव्हते. फाळक्यांची कल्पकता, बाबूराव पेंटरांचा हात आणि ओझोलचा अचूक क्षण यांपासून घेता येईल तेवढे घ्या. रंग थोडे, शब्द थोडे, वस्तू एक. आणि भिंतीवर जो शब्द द्याल तो पडद्यावर पाळा.

उत्सवाच्या सायंकाळी त्या आजीस पहिल्या रांगेत बसविण्याचे फादरांनी मान्य केले आहे. ती येताना वाटेतल्या भिंतीवर विटा, पाटी व अर्धे अक्षर पाहील. तिला विटा ओळखू येतील. तेवढे झाले तर आपले भित्तिपत्रक साधले, असे आम्ही समजू.

निर्णय आम्ही मंडळीवर सोपवितो.